खाली नाव कुणाचं?

ताई, नमस्कार.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, एका खेड्यात राहते. तालुक्याच्या गावी झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात कामाला आहे. घरी आई, आप्पा, दादा-वहिनी. आप्पा उद्यमबागेतल्या एका फौंड्रीतून रिटायर होऊन सहा वर्षं झाली.

महिन्याभरापूर्वी आप्पांनी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज टाकला. 'गृहलक्ष्मीची यादी नव्याने होणार, 15 तारखेच्या आत सगळ्या बायकांनी पुन्हा अर्ज भरायचा, नाहीतर नाव कमी होऊन दोन हजार बंद.' (गृहलक्ष्मी म्हणजे घरातल्या बाईला दरमहा दोन हजार देणारी कर्नाटक सरकारची योजना.) दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी गावातल्या अकरा बायका दारात उभ्या. भांगलण सोडून आलेल्या. हातात आधार, पासबुक आणि मोबाईलवर माझ्याच बापाचा मेसेज. आमच्या मालकांनी सेवा केंद्रात विचारलं, तर असं काही नाहीच. तोवर पलीकडे एकाने 'फॉर्म' म्हणून चौघींकडून शंभर-शंभर घेतलेसुद्धा.

मला इतकी लाज वाटली की उभ्या उभ्या मी ग्रुपवर लिहिलं, 'हा मेसेज खोटा आहे. आमच्या आप्पांनी न वाचता, न समजता टाकलाय. कुणी विश्वास ठेवू नका.' त्यावर पोरांनी हसणारे चेहरे टाकले. एकाने 'आप्पा ब्रेकिंग न्यूज' असं लिहिलं. आप्पा ग्रुपमधून बाहेर पडले. त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत. मी जेवायला बसले की ताटावरून उठतात. आई म्हणते, पाया पड आणि माफी माग. चूक त्यांची, आणि माफी मी मागायची?

भरीला दादा म्हणतो पेपर बंद करूया. सगळं मोबाईलवर फुकट मिळतंय, व्हिडिओसकट. पेपरवाले सगळे विकले गेलेत. काहीही विचार, मोबाईल सांगतो. यावेळी आप्पांनीही मान हलवली. पेपर आल्याशिवाय चहाला हात न लावणारे आप्पा!

एक सांगायचं राहिलं. नंतर मी पंचायतीच्या बोर्डावर बघितलं तर कागद होता, कन्नडमधून. ज्यांच्या बँक खात्याला आधार जोडलेलं नाही त्यांनी जोडून घ्यावं, एवढंच होतं त्यात. आप्पांना कन्नड वाचता येत नाही, मला येतं. आमच्या मारुतीच्या देवळापुढचा फळा वीस वर्षं आप्पाच लिहायचे. ग्रुप झाल्यापासून तो कोराच आहे.

मी चुकले का? आप्पांना कसं थांबवू? आणि पेपर बंद करू द्यावा का?

– तुमची एक वाचक

*

पोरी,

'एक सांगायचं राहिलं' म्हणून शेवटी तू जे चार ओळींत लिहिलंयस, तुझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं तिथंच आहेत. तिकडं येतेच. आधी तुझं आणि आप्पांचं बघू, कारण घरात कुणी ताटावरून उठत असेल तर बाकीचं काही डोक्यात शिरत नाही.

ग्रुपवर लिहिलंस ते बरोबर केलंस, आणि लगेच लिहिलंस तेही बरोबर. अकरा जणी आल्या होत्या, दुपारपर्यंत पंचवीस आल्या असत्या. बायकांना बस फुकट आहे म्हणून काय झालं, रोजगार बुडतोच, आणि शंभर रुपये घेणारा तर टेबल मांडूनच बसला होता. आप्पांना काय वाटेल असा विचार करत तू संध्याकाळपर्यंत गप्प राहिली असतीस तर मी तुला रागावले असते. खरं, तुझ्या तीन वाक्यांतलं मधलं वाक्य नको होतं. पहिलं आणि तिसरं त्या बायकांसाठी होतं. मधलं आप्पांसाठी होतं, आणि ते तू अख्ख्या गावापुढं बोललीस. 'गृहलक्ष्मीचा अर्ज पुन्हा भरायचा नाही. सेवा केंद्रात आज सकाळी विचारून खात्री केली आहे. फॉर्मसाठी कुणालाही पैसे देऊ नका,' एवढं लिहिलं असतंस तरी काम तेवढंच झालं असतं, आणि पोरांना दात काढायला जागा मिळाली नसती.

तेव्हा माफी माग, पण त्या मधल्या वाक्याची माग. मेसेजला खोटा म्हटल्याची मागू नकोस. आईला सांग, पाया पडायचं की नाही ते मी बघते, पण काय चुकलं ते मी नीट सांगणार आहे. 'आप्पा, मेसेज चुकीचा होता आणि ते सांगणं भाग होतं. तुमचं नाव घेऊन चारचौघांत बोलले, ते माझं चुकलं.' दोन वाक्यं. यापुढं एक शब्द बोलू नकोस, त्याच दमात मोबाईलवरचं व्याख्यान तर मुळीच देऊ नकोस.

आप्पांनी असं का केलं हे मला कळतं, कारण मी स्वतः असं केलंय.

2019 च्या ऑगस्टचा पूर तुला आठवत असेल. कृष्णा, पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा सगळ्याच फुगल्या होत्या. कोल्हापूरजवळ महामार्ग पाण्याखाली गेलेला, इकडं मलप्रभा-घटप्रभेच्या काठच्या गावांत पाणी शिरलेलं. त्याच्या महिनाभर आधी, 2 जुलैच्या रात्री, चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण खरोखरच फुटलं होतं आणि झोपेतली माणसं वाहून गेली होती. ती भीती सगळ्यांच्या पोटात होती. अशात एका रात्री मला आवाजाचा मेसेज आला. बाईमाणसाचा रडवेला आवाज, मागं पाऊस पडत असलेला ऐकू येतोय. 'धरण फुटलंय, दोन तासांत पाणी येतंय, हाताला लागेल ते घ्या आणि बाहेर पडा.' कुठलं धरण, कुठलं गाव, बोलणारी कोण, काही नाही. मी तो तसाच्या तसा निपाणीकडच्या माझ्या मावशीला पाठवला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते.

मावशी तेव्हा सत्तरी ओलांडलेली, काका अंथरुणाला खिळलेले. त्यांचं घर चढावर आहे. तिथं पुराचं पाणी यायचं तर आधी खालची अर्धी वाडी बुडायला हवी. तरीही शेजारच्या पोरांनी काकांना खाटेसकट उचललं, वरून प्लॅस्टिकचा कागद धरला आणि भर पावसात शाळेच्या वर्गात नेऊन ठेवलं. धरण कुठलंच फुटलेलं नव्हतं. काकांना पुढं आठ दिवस ताप होता. मी रडत रडत फोन केला तेव्हा मावशी मला काही बोलली नाही. एवढंच म्हणाली, 'अगं, तू पाठवलंस म्हणून निघालो. दुसऱ्या कुणी पाठवलं असतं तर सकाळपर्यंत थांबलो असतो की.'

तू पाठवलंस म्हणून. हे शब्द मी आजवर विसरलेले नाही. त्या रडणाऱ्या बाईला मावशी ओळखत नव्हती, ती निघाली माझ्या शब्दावर. तुझ्या गावातही तेच झालं. त्या अकरा बायका मेसेज वाचून आल्या नाहीत गं, आप्पांनी टाकलाय म्हणून आल्या. वीस वर्षं ज्या माणसानं देवळापुढच्या फळ्यावर पाण्याची वेळ लिहिली, कुणाची माती कधी ते लिहिलं, सोसायटीची सभा किती वाजता ते लिहिलं आणि कधी चुकीचं लिहिलं नाही, त्याचं नाव बघून त्यांनी भांगलण सोडली. ज्यानं कुणी तो मेसेज मुळात तयार केला, त्याचं नाव कुठंच नाही. त्याचा धंदा आप्पांच्या नावावर झाला. आप्पांना खरा घाव बसलाय तो हाच असणार, आणि त्यावर तू सगळ्यांदेखत बोट ठेवलंस.

आता त्या कागदाकडं येऊ.

मेसेज पूर्ण खोटा नव्हता, हे तूच शोधून काढलंस. मूळ कागद खरा होता, पंचायतीचा होता, आधार जोडण्याचा होता. कुणीतरी तो अर्धामुर्धा वाचला, मराठीत सांगितला, ऐकणाऱ्यानं 'काही जणींनी' याचं 'सगळ्यांनी' केलं, आणखी कुणी तारीख चिकटवली. हप्ता पुढं-मागं झाला की बायकांच्या जिवाला घोर लागतोच, त्यामुळं पटायला वेळ लागला नाही. आपल्या भागात अफवा अशीच तयार होते. बेळगाव, खानापूर, निपाणी, सगळीकडं बघ. सरकारी कागद एका भाषेत येतो, घर दुसऱ्या भाषेत बोलतं, आणि मधल्या फटीत जो पहिल्यांदा तोंड उघडेल तो बातमीदार ठरतो. तुझ्या आप्पांची पिढी मराठी शाळेत शिकली. फौंड्रीत चार शब्द बोलण्यापुरतं कन्नड आलं, पण अक्षर ओळख झाली नाही. तुमची पिढी शाळेत कन्नड शिकली, वाचू-लिहू शकते. एकाच घरात कागद वाचता येणारी लेक आणि न येणारा बाप.

इथं मला सरकारला उद्देशूनही बोललंच पाहिजे. भाषिक अल्पसंख्याकांना जी संरक्षणं दिलेली आहेत त्यांत हे स्पष्ट आहे की जिल्ह्यात किंवा तालुक्यात ज्यांची संख्या 15 टक्के किंवा त्याहून जास्त आहे, त्यांच्या भाषेत महत्त्वाचे नियम आणि सूचना द्याव्यात. खानापूर तालुक्यात मराठी माणसं किती आहेत ते मी तुला सांगायला नको. परिपत्रकं मराठीतूनही द्या ही मागणी इथं वर्षानुवर्षं होते, आणि तिच्याकडं फक्त राजकारण म्हणून बघितलं जातं. मला त्यात त्या अकरा बायकांचा रोजगार दिसतो. पंचायतीनं त्या कागदाखाली चार ओळी मराठीत चिकटवल्या असत्या तर एकही जण तुझ्या दुकानात आली नसती. ही मागणी होत राहील, व्हायलाच हवी. पण पुढच्या आठवड्यात आणखी एक कागद लागणार आहे, आणि तो वाचणारी तू घरात आहेस.

म्हणून 'आप्पांना कसं थांबवू' हा प्रश्नच मी तुला बदलायला सांगते. त्यांना थांबवून काय मिळणार? गावाला कळवण्याची त्यांची सवय वीस वर्षांची आहे आणि ती चांगली सवय आहे. त्यांना हवंय ते वाचायला डोळे, कन्नडपुरते. ते तुझ्याकडं आहेत. त्यांच्याकडं जे आहे ते तुझ्याकडं नाही: माणसं. तू पंचायतीत फोन केलास तर 'नंतर या' म्हणतील. आप्पांनी केला तर पीडीओ, म्हणजे पंचायतीचे विकास अधिकारी, बोलतील, अंगणवाडीची बाई बोलेल, लाईनमन तर गाडी थांबवून बोलेल. एक दोनशे पानी वही घे. मागच्या पानावर मोठ्या अक्षरात हे नंबर लिहून दे: अंगणवाडीची बाई (गृहलक्ष्मीचं काम महिला आणि बालकल्याण खात्याकडं आहे, तेव्हा पहिला फोन तिला), पीडीओ, रेशन दुकानदार, लाईनमन, आरोग्य केंद्र. नवा मेसेज आला की आधी फोन, मग पुढं पाठवायचं की नाही ते ठरवायचं. तू नुसतं विचारायचं, 'आप्पा, हे खरं आहे का जरा विचारून सांगता का?' बस्स. ते खोटं आहे हे त्यांनाच कळू दे.

दोन-तीन गोष्टी मात्र त्यांना दाखवून ठेव, भांडण मिटल्यावर. मेसेजच्या डोक्यावर दोन बाण दिसले तर तो पाच किंवा त्याहून जास्त हातांतून फिरत आलाय. तसा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढं पाठवता येतो, हे बंधन एप्रिल 2020 पासून आहे. पण कुणी मजकूर कॉपी करून नव्यानं चिकटवला की बाण गायब होतात, त्यामुळं बाण नाहीत म्हणजे ताजी बातमी असं समजायचं नाही. आणि चुकीचं पाठवलंच गेलं तर सगळ्यांच्या फोनमधून काढून टाकायला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो. नुसतं काढून टाकू नये, खाली 'आधी टाकलेलं चुकीचं होतं' असं लिहावं. हे आप्पा करतील. फळ्यावर चुकलं तर ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा लिहितच असतील ना?

शंभर रुपये गेलेल्या चौघींचं मनावर घे. आप्पा आणि तू दोघं मिळून त्या माणसाकडं जा. गृहलक्ष्मीच्या नोंदणीला पैसे नाहीत हे त्यालाही माहीत आहे, बहुतेक मुकाट्यानं परत करेल. चौघींपैकी कुणी फोनवर ओटीपी सांगितला असेल किंवा कुठल्या लिंकवर बोट ठेवलं असेल तर हा लेख वाचत बसू नकोस, आधी बँकेत कळव आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी 1930 वर फोन लाव. तिथं मिनिटाला किंमत आहे.

आता दादा.

दादाचं एक म्हणणं खरं आहे, पेपर काही देवाचा शब्द नाही. पैसे घेऊन बातमी छापण्याचे प्रकार झालेत, मथळा एक आणि आत मजकूर भलताच, हेही रोज दिसतं. मी स्वतः एकदा एका पेपरला चिडून पत्र लिहिलं होतं, तुमची आमच्या गल्लीबद्दलची बातमी साफ चुकीची आहे म्हणून. चौथ्या दिवशी सातव्या पानावर चार ओळींची दुरुस्ती आली. चारच ओळी, तीही कोपऱ्यात. पण मला पत्र पाठवायला पत्ता होता! आजचा पेपर हातात घे आणि शेवटच्या पानाच्या तळाशी बघ. मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ असते, कुणी वाचत नाही. मुद्रक कोण, प्रकाशक कोण, संपादक कोण, कुठल्या छापखान्यात छापलं. इंग्रजांच्या काळात, 1867 च्या कायद्यानं, मुद्रक-प्रकाशकाचं नाव छापणं सक्तीचं केलं. त्यांचा हेतू आपल्यावर नजर ठेवण्याचा होता यात शंका नाही, पण वाचकाच्या हाताला त्यातून एक गोष्ट लागली: चुकलं तर दार कुणाचं ठोठावायचं ते कळतं. प्रेस कौन्सिलकडं तक्रार करता येते, कोर्टात खेचता येतं, गेलाबाजार बेळगावला जाऊन कचेरीत जाब विचारता येतो. बाबूराव ठाकुरांनी 1919 साली बेळगावात 'तरुण भारत' सुरू केला, त्याच्याही कितीतरी आधी, 1848 पासून, इथं सार्वजनिक वाचनालय आहे. पेपर वाचून त्यावर भांडण्याची सवय या मातीला जुनी आहे. दादाला म्हण, त्या ओळीसारखी एक ओळ तुझ्या फॉरवर्डखाली दाखव, आपण पेपर आजच बंद करू.

डिसेंबर 2022 चं त्याला आठवतंय का विचार. हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, दोन्हीकडच्या बस बंद झाल्या, कोल्हापूरला दवाखान्यात निघालेली माणसं अडकली. त्या आठवड्यात फोनवर काय काय फिरत होतं! दोन्हीकडच्या पुढाऱ्यांच्या नावानं एकाहून एक भडक वाक्यं. मग 14 डिसेंबरला दिल्लीत गृहमंत्री अमित शहांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना समोरासमोर बसवलं आणि बाहेर येऊन त्यांनी जे सांगितलं त्यात हेही होतं की मोठ्या नेत्यांच्या नावानं बनावट ट्विटर खाती काढून लोकांना चिथावलं गेलं, आणि त्यावर गुन्हे नोंदवले जातील. सीमाप्रश्न खरा आहे, 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, आपल्या घरांत तो तीन पिढ्या मुक्कामाला आहे. म्हणूनच त्याच्या नावानं काहीही पाठवलं तरी आपण आधी पेटतो आणि मग वाचतो. ज्याला दंगा हवा आहे त्याला आपली ही दुखरी नस बरोबर ठाऊक असते.

आणि 'व्हिडिओ आहे म्हणजे खरं' हे तर दादानं कधीच बोलू नये. 2018 मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीचा एक व्हिडिओ देशभर फिरला. मोटारसायकलवरून दोघं येतात, रस्त्यावरच्या मुलाला उचलतात आणि पळतात. तो कराचीतल्या एका संस्थेनं आईबापांना सावध करण्यासाठी बनवला होता. शेवटी ते दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि सूचनेची पाटी दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला. त्या वर्षी मुलं पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवांनी लोक नुसते धुमसत होते. 1 जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला भिक्षा मागून जगणाऱ्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. बारा दिवसांनी आपल्याच राज्यात, बिदरच्या औराद भागात, हैदराबादहून आलेल्या काही मित्रांनी शाळेतल्या मुलांना चॉकलेटं दिली. टोळी आली अशी आवई उठली, त्यांचा व्हिडिओ ग्रुपवरून पुढच्या गावाला गेला, तिथं रस्ता अडवून लोक उभेच होते. त्यातला एक तरुण इंजिनिअर मेला. औराद-भालकीकडं मराठी बोलणारी घरं आहेत गं. ती कुणी राक्षस नव्हेत, तुझ्या-माझ्यासारखीच माणसं राहतात तिथं, पोरांच्या काळजीनं दारात उभी राहणारी. त्यानंतर व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाच जणांनाच पुढं पाठवण्याची मर्यादा घातली. इतकी माणसं मेल्यावर.

'काहीही विचार, मोबाईल सांगतो' याचं काय, तर मीही विचारते. औषधाच्या गोळीचं नाव, गाडीची वेळ, पाककृतीतलं प्रमाण. सोय आहे, नाकारत नाही. पण तुमच्या पंचायतीच्या बोर्डावर काल संध्याकाळी कुठला कागद लागला ते त्याला कोण सांगणार? विचारलंस तर उत्तर देईलही, शुद्ध मराठीत, जराही न अडखळता. तेच जास्त धोक्याचं आहे. न अडखळता बोलणाऱ्यावर आपला विश्वास पटकन बसतो.

पेपर चालू ठेव. दादा पैसे द्यायला कुरकुरत असेल तर तुझ्या पगारातून दे, आणि बिल आप्पांच्या नावानंच येऊ दे.

आता शेवटचं, फळ्याचं. माझ्या मनात तो फळा तुझं पत्र आल्यापासून आहे. माफी मागून झाली, ताटावरून उठणं थांबलं, की एखाद्या संध्याकाळी दुकानातून येताना पंचायतीच्या बोर्डाचा फोटो काढून आण. आप्पांपुढं बस आणि कन्नड कागद ओळीनं मराठीत सांग. घाई करू नकोस, शब्द अडला तर अडला म्हण. त्यांना शंका येईल तिथं त्यांनाच अंगणवाडीच्या बाईला फोन लावायला सांग. मग त्यांच्याकडून ते वहीत उतरवून घे, त्यांच्या अक्षरात. सकाळी त्यांना देवळाकडं जाऊ दे. फळा इतकी वर्षं कोरा पडलाय, काजळी लावावी लागेल. मग त्यांनी लिहावं. वर 'पंचायतीची सूचना', मध्ये मजकूर, खाली मूळ कागदाची तारीख, आणि त्याखाली त्यांचं पूर्ण नाव. तू त्या फळ्याचा फोटो काढून ग्रुपवर टाक. आप्पा ग्रुपमध्ये नसले तरी चालतील. टाकताना स्वतःचं काही लिहू नकोस.

खडू मात्र ओला नसलेला ने. पावसाळ्यात देवळातला खडू उमटत नाही.

– तुझी ताई